प्रवाळांची सुनावणी

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, क्वीन्सलँड राज्यात, इनिसफेल नावाचे उसावर जगणारे एक गाव आहे. 1967 साली तिथे एक जाहीर नोटीस निघाली. गावासमोरच्या समुद्रातील एलिसन रीफ या प्रवाळखडकातून चुनखडी काढण्याचा परवाना मिळावा, असा अर्ज खाण खात्याकडे आला होता. अर्जदार ऊस उत्पादकांच्या संघटनेतले होते आणि चुना उसाच्या शेतात स्वस्त खत म्हणून टाकायचा होता. कुणाची हरकत असल्यास मुदतीत नोंदवावी, हा नेहमीचा मजकूर शेवटी होताच. अर्जात एक मुद्दा मोठा सोयीचा होता. हा प्रवाळ मेलेला आहे, असे त्यात म्हटले होते.

जाहीर नोटिसा बहुधा कुणी वाचू नयेत अशाच बेताने छापलेल्या असतात. ही मात्र जॉन ब्युस्ट यांच्या नजरेस पडली. ब्युस्ट हे चित्रकार. जवळच्याच बिंगिल बे या खेड्यात, समुद्राकाठी घर बांधून राहिलेले. त्यांनी हरकत नोंदवली आणि ब्रिस्बेनच्या एका संस्थेकडे मदत मागितली. संस्थेचे नाव क्वीन्सलँड वन्यजीव संरक्षण संस्था. तिच्या अध्यक्ष ना शास्त्रज्ञ होत्या, ना वकील. त्या कवयित्री होत्या, त्या पिढीतल्या बहुधा सर्वांत मान्यवर ऑस्ट्रेलियन कवयित्री, आणि त्यांना ऐकू फार कमी येत असे. त्यांचे नाव ज्युडिथ राइट.

मेलेला प्रवाळ म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यायला हवे, कारण पुढची सारी लढाई या एका शब्दाभोवती फिरली. प्रवाळ हा चिमुकला प्राणी. तो आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतो, मरतो, आणि त्याच्या घरावर पुढची पिढी घर बांधते. हजारो वर्षांनी त्याचा खडक होतो. म्हणजे जगातला कुठलाही प्रवाळखडक बहुतांशी मेलेलाच असतो. जिवंत असते ती वरची कातडी. त्यातही वादळाने मोडलेला, वरकरणी उजाड दिसणारा भाग शिंपल्यांना, खेकड्यांना, माशांच्या पिलांना आसरा देतो आणि काही वर्षांत त्यावर पुन्हा पोवळी धरतात. हे सारे खाण न्यायालयात सांगायचे कुणी? ग्रेट बॅरिअर रीफचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची समिती 1922 पासून होती. पण नियंत्रण ठेवून थोडाफार वापर करायला हरकत नाही, असा तिचा एकूण सूर होता, आणि चळवळ्यांच्या पंगतीला बसण्याची तिला इच्छा नव्हती. तेव्हा क्वीन्सलँड विद्यापीठातले काही विद्यार्थी डुबकीचे सामान घेऊन निघाले. एलिसन रीफवर उतरून त्यांनी मोजदाद केली. प्रवाळांच्या 88 जिवंत जाती आणि माशांच्या 190 जाती त्यांनी नोंदवल्या. मेलेल्या खडकाची ही यादी घेऊन मंडळी इनिसफेलच्या सुनावणीत उभी राहिली. खाणीचे परवाने देणे हेच ज्यांचे रोजचे काम, त्या अधिकाऱ्यांनी अर्ज नामंजूर करावा अशी शिफारस केली आणि पुढे खाणमंत्र्यांनीही तो फेटाळला.

अर्ज लहान होता, खडकही लहान. पण सुमारे तीन हजार प्रवाळखडकांच्या, 2,300 किलोमीटर लांब पसरलेल्या त्या मालिकेतला पहिला दगड निघाला असता, तर दुसऱ्याला नाही म्हणायला कायद्यात काहीच आधार उरला नसता.

ज्युडिथचा जन्म 31 मे 1915 चा, न्यू साउथ वेल्सच्या न्यू इंग्लंड पठारावरचा, आर्मिडेल गावाजवळचा. घराणे जमीनदारांचे, मेंढ्या आणि गुरे पाळणारे. पिढ्यान् पिढ्या त्यांनी कुरणे वाढवत नेली होती. ती बारा वर्षांची असताना आई गेली. वडील फिलिप राइट हे जमीनदार असूनही निसर्गाविषयी आस्था असलेले गृहस्थ. न्यू इंग्लंड राष्ट्रीय उद्यान व्हावे म्हणून खटपट करणाऱ्यांत ते पुढे होते. जमीन ही आपली आहे आणि तिचे काही देणे लागतो, या दोन्ही भावना मुलीकडे त्या घरातूनच आल्या. त्यांतली पहिली पुढे तिला फार छळणार होती.

सिडनी विद्यापीठात तिने तत्त्वज्ञान, इतिहास, इंग्रजी असे विषय घेतले. विशीतच कान अधू होऊ लागले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर गडी माणसे सैन्यात गेली, तेव्हा ती वडिलांच्या मदतीला कुरणावर परतली. पुढे ब्रिस्बेनला विद्यापीठात नोकरी, 'मीनजिन' या वाङ्मयीन नियतकालिकाच्या कामात हातभार, आणि जॅक मॅककिनी यांची भेट. मॅककिनी वयाने दोन तपांनी मोठे, पहिल्या महायुद्धात होरपळून निघालेले, स्वतःच्या बळावर तत्त्वज्ञान शिकलेले. दोघांनी टँबोरीन डोंगरावर संसार थाटला. 1946 मध्ये 'द मूव्हिंग इमेज' हा पहिला संग्रह आला, 1949 मध्ये 'वुमन टू मॅन', आणि पुढच्या वर्षी मुलगी झाली, मेरेडिथ. गर्भारपणावर इतक्या निर्भयपणे लिहिणारी कविता तोवर त्या देशाने पाहिली नव्हती. शाळेच्या पुस्तकांत त्यांच्या कविता गेल्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी नाव राहिले असते.

1962 साली निसर्गप्रेमी डेव्हिड फ्ले, रानफुलांची चित्रे काढणाऱ्या कॅथलीन मॅकआर्थर आणि प्रकाशक ब्रायन क्लाउस्टन यांच्यासह राइटबाईंनी ती संस्था काढली. अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि पुढे कित्येक वर्षे राहिले. संस्थेकडे पैसा नव्हता. होती ती पत्रे. मंत्र्यांना, संपादकांना, शास्त्रज्ञांना आणि अनोळखी सदस्यांना त्यांनी इतकी पत्रे लिहिली की कवितेचा वेळ त्यातच गेला असे त्यांचे चाहते हळहळतात. दूरध्वनीवर बोलणे ज्याला कठीण, त्याला पत्राचाच आधार, हेही खरे.

आणि ग्रेट बॅरिअर रीफ? तो त्यांनी फारसा पाहिलाही नव्हता. 1949 मध्ये त्याच्या दक्षिण टोकाच्या लेडी एलियट बेटावर काही दिवस राहिल्या, ओहोटीच्या डबक्यांत पोवळी पाहिली, एवढेच. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. त्या ना तिथल्या रहिवासी, ना मच्छीमार, ना संशोधक. मग त्यांना बोलायचा अधिकार काय? विरोधकांनी नेमके हेच विचारले. समुद्राचा तळ सरकारी, खाली तेल आहे की नाही ते भूगर्भशास्त्रज्ञ पाहतील, त्यात कवींचे काय काम? राइटबाईंची सारी कामगिरी म्हणजे या प्रश्नाला दिलेले उत्तर होते. समुद्र सर्वांचा असेल, तर त्याचे काय करायचे हे ठरण्याआधी सर्वांना विचारले पाहिजे.

एलिसन रीफची चुनखडी ही नुसती नांदी होती. साठीचे दशक संपता संपता उघड झाले की क्वीन्सलँड सरकारने प्रवाळमालिकेच्या तळाचे तब्बल 80,000 चौरस मैल तेलशोधासाठी कंपन्यांना देऊन टाकले आहेत. म्हणजे जवळजवळ सगळाच रीफ. सरकारने बोलावलेल्या लॅड नावाच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाने 1968 मध्ये अहवाल दिला. त्याचा आशय असा, की मेलेले भाग वापरावेत आणि चांगले भाग राखावेत. पुन्हा तोच शब्द. त्याच वर्षी योह ब्येल्के-पीटरसन राज्याचे प्रीमियर झाले. त्यांचे स्वतःचे तेल कंपन्यांत शेअर होते, हेही बाहेर आले. अशा सरकारपुढे हरकत नोंदवायची तर कुठे? खाणीच्या अर्जाला निदान जाहीर नोटीस होती, सुनावणी होती. तेलाच्या परवान्यांना तेवढेही नव्हते.

तेव्हा राइटबाईंनी, ब्युस्टनी आणि जंगलांचे अभ्यासक लेन वेब यांनी वेगळी वाट धरली. किनाऱ्याजवळचा समुद्र राज्याचा की केंद्राचा, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात तोवर कुणी निकालात काढलेला नव्हता. केंद्राने आपला हक्क सांगितला तर राज्याला आवरता येईल, हे या मंडळींनी हेरले. योगायोग असा की पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट हे ब्युस्टचे जुने मित्र होते. पण डिसेंबर 1967 मध्ये पोहायला गेलेले होल्ट समुद्रातच नाहीसे झाले आणि सारे पहिल्यापासून सुरू करावे लागले. व्याख्याने झाली, गाड्यांच्या मागे लावायचे स्टिकर छापले गेले, सह्या गोळा झाल्या. जानेवारी 1969 मध्ये कॅलिफोर्नियात सँटा बार्बराच्या समुद्रात तेलविहीर फुटली. किनाऱ्यावरच्या तेलात माखलेल्या पक्ष्यांची चित्रे घरोघरी पोचली, आणि जे काम शंभर पत्रांनी झाले नसते ते झाले.

मला या कथेतला सर्वांत लोभस भाग वाटतो तो जानेवारी 1970 चा. मकाय शहराजवळच्या रिपल्स बेमध्ये अँपोल आणि जॅपेक्स या कंपन्या विहीर खणणार होत्या. कामगार संघटनांनी त्या कामावर बहिष्कार घातला. खणणारी माणसेच नाहीत म्हटल्यावर कंपन्यांनी हात आखडता घेतला. एरवी पर्यावरणवाले आणि कामगार यांचे सूत क्वचितच जमते. फुलांची चित्रे काढणाऱ्या बाया आणि गोदीतले रांगडे कामगार एका बाजूला आले, ते समुद्र कुणाच्या बापाचा नाही या साध्या समजुतीने. मार्चमध्ये टॉरेस सामुद्रधुनीत ओशनिक ग्रँजर हे तेलवाहू जहाज खडकावर आपटले आणि तेल सांडले. आता सरकारांना गप्प बसता येईना. केंद्र आणि राज्य यांचे दोन चौकशी आयोग नेमले गेले आणि त्यांनी एकत्र कामकाज चालवले.

हे कामकाज 1974 पर्यंत लांबले. ब्युस्ट 1971 मध्येच गेले. त्यांना निकाल दिसला नाही. राइटबाई त्यापूर्वी, 1966 मध्ये, मॅककिनींना गमावून बसल्या होत्या. मोठी लढाई त्यांनी एकट्याने संसार ओढत लढली. आयोगातही एकमत झाले नाही. अध्यक्षांचे मत खोदकाम नकोच असे, तर इतर दोघांना काही अटींवर, काही भागांत ते चालणार होते. तोवर लोकांचे मत मात्र ठरलेले होते. व्हिटलम सरकारने समुद्रतळावर केंद्राचा हक्क सांगणारा कायदा 1973 मध्ये केला होता. 1975 मध्ये ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यानाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते सरकार बडतर्फ झाले. कायदा काही महिने उशिरा आला असता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही.

या कायद्याने उद्यानात खाणकाम आणि तेलखोदाई बंद केली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यातली दुसरी तरतूद तितकीशी गाजली नाही. समुद्राच्या कुठल्या भागात मासेमारी चालेल, कुठे नुसते पाहायला जाता येईल, कुठे कुणीच जायचे नाही, हे नकाशावर आखायचे तर आधी लोकांना जाहीर विचारायचे, निदान महिनाभर मुदत द्यायची, आलेल्या सूचना पाहून कच्चा आराखडा करायचा, तो पुन्हा लोकांपुढे ठेवायचा, पुन्हा मुदत, आणि मग तो मंत्र्यांमार्फत संसदेपुढे. म्हणजे हरकती दोनदा. पहिली फेरी आराखडा होण्याच्याही आधी. ज्यांनी सरकारी आराखडे छापून आल्यावर हरकती घेतल्या आहेत, त्यांना यातला फरक समजावून सांगायला नको. इनिसफेलला एका चित्रकाराच्या सावधपणामुळे जे घडले, ते आता कायद्याने व्हायचे होते.

अर्थात कायदा झाला म्हणून समुद्र वाचला असे नाही. पहिला भाग, मकरवृत्ताजवळचा कॅप्रिकॉर्निया, जाहीर व्हायलाच 1979 उजाडले आणि त्याचा आराखडा 1981 मध्ये लागू झाला. त्याच वर्षी युनेस्कोने रीफला जागतिक वारशाचा मान दिला. पुढे एकेक भाग उद्यानात आला. पण मच्छीमार, हौशी गळवाले, पर्यटनवाले, सगळ्यांना सांभाळता सांभाळता मासेमारीला पूर्ण बंद असा भाग पाच टक्क्यांच्याही आतच राहिला. लोकांना विचारले की लोक आपापली जागा राखतात, हा या पद्धतीचा दोष नाकारण्यात अर्थ नाही. राइटबाईंनी 1977 मध्ये 'द कोरल बॅटलग्राउंड' हे त्या लढ्याचे पुस्तक लिहिले, त्यातही विजयाचा तोरा नाही. पत्रव्यवहार, तारखा, कुणी शब्द फिरवला आणि कुणी पाळला याचा तो कोरडा, काटेकोर हिशेब आहे. कवयित्रीचे पुस्तक म्हणून वाचायला घेणाऱ्याची निराशा होते, चळवळीत असणाऱ्याची नाही.

पण लोक म्हणजे कोण? हा प्रश्न त्यांना याच सुमारास दुसऱ्या दिशेने येऊन भिडला. 1959 मध्ये त्यांनी आजी-आजोबांच्या आयुष्यावर 'द जनरेशन्स ऑफ मेन' हे पुस्तक लिहिले होते. त्यात कष्टाळू वसाहतवाल्यांविषयी बराच जिव्हाळा आहे. साठीच्या दशकात आदिवासी कवयित्री कॅथ वॉकर यांची कविता त्यांच्यापुढे आली. ती छापावी अशी शिफारस त्यांनी क्लाउस्टन यांच्याकडे केली आणि 1964 मध्ये 'वी आर गोइंग' हा संग्रह निघाला. पुढे उड्जरू नूनुकल या नावाने ओळखल्या गेलेल्या या बाई ब्रिस्बेनसमोरच्या बेटावरच्या, समुद्रावर वाढलेल्या. दोघींची मैत्री जन्मभर टिकली. त्या मैत्रीने राइटबाईंना आपल्याच घराण्याचे कागद पुन्हा काढायला लावले. 1981 चे 'द क्राय फॉर द डेड' हे पुस्तक त्यातून आले. आजोबांनी क्वीन्सलँडमध्ये ज्या जमिनीवर गुरे नेली ती रिकामी नव्हती. तिथे माणसे होती, आणि गोळ्या, रोगराई व उपासमार यांनी ती संपली. पुराव्यांनिशी, आपल्याच माणसांविरुद्ध, त्यांनी हे मांडले.

ब्रिटिशांनी त्या खंडाला मालक नसलेली भूमी मानले होते. ज्या खडकाला अर्जात मेलेला म्हटले तो जिवंत निघाला होता. ज्या भूमीला कागदोपत्री रिकामी म्हटले ती वसलेली होती. राइटबाईंच्या आयुष्याची दोन टोके इथे जुळतात. निसर्गप्रेमी ज्याला मानवस्पर्शरहित रान म्हणत, त्या कल्पनेचाही त्यांना मग कंटाळा आला. माणसांना हाकलून रिकामे केलेले रान त्यात दडलेले आहे, असे त्या मांडू लागल्या, आणि काही जुने सहकारी दुखावले. रीफवर डुगाँग आणि कासवे हजारो वर्षे पकडत आलेल्या किनाऱ्यावरच्या जमातींना, टॉरेस बेटांवरच्या लोकांना, समुद्र कुणाचा या सत्तरीतल्या साऱ्या वादात कुणी गंभीरपणे विचारलेच नव्हते. केंद्र आणि राज्य भांडले, तेलवाले आणि निसर्गवाले भांडले, आणि ज्यांचा समुद्र ते त्या भांडणात पक्षकारही नव्हते. 1979 मध्ये आदिवासींशी करार व्हावा म्हणून नगेट कूम्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, तिच्यात राइटबाई उतरल्या. 1983 मध्ये समिती गुंडाळली गेली. करार झाला नाही. 1992 मध्ये मात्र, रीफच्या उत्तर टोकाकडील मर बेटावरच्या एडी माबो यांच्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाने रिकाम्या भूमीचा सिद्धान्त मोडीत काढला. माबो निकालाच्या काही महिने आधी वारले होते.

सत्तरीच्या दशकातच राइटबाई क्वीन्सलँड सोडून न्यू साउथ वेल्समधल्या ब्रेडवुडजवळच्या रानात राहायला गेल्या होत्या. 1985 च्या 'फँटम ड्वेलिंग' या शेवटच्या संग्रहात त्यांनी चक्क गझला लिहिल्या. इंग्रजीत, मोकळ्या बांधणीच्या. आपल्याकडच्या जाणकारांना त्यात काफिया सापडणार नाही, पण सुटा शेर आणि त्यातली तटस्थता त्यांनी अचूक उचलली आहे. त्यानंतर कविता जवळजवळ थांबली. 1992 च्या सुमारास ऐकू येणे पूर्ण बंद झाले. पत्रे सुरूच राहिली. 1998 मध्ये तापलेल्या पाण्याने रीफवरची पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. कुठल्याही सुनावणीत ज्याला आरोपी म्हणून उभे करता येत नाही असे हे संकट, आणि तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा आले आहे. 2000 साली, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, कॅनबेरात निघालेल्या आदिवासी-समेटाच्या पदयात्रेत त्या सामील झाल्या. काही आठवड्यांतच, 25 जूनला, त्या गेल्या.

सागरी उद्यानाचा सगळा नकाशा नव्याने आखायचे काम तेव्हा सुरू झालेच होते. कायद्यातल्या त्या दोन फेऱ्यांत मिळून 31,000 हून अधिक लेखी सूचना आल्या. सभांमध्ये मच्छीमार संतापून बोलले, पुष्कळांचे नुकसान झाले, आणि त्यांच्या भरपाईपोटी सरकारला 20 कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली. पहिल्या कच्च्या नकाशातल्या रेषा अनेक ठिकाणी बदलल्या. 1 जुलै 2004 पासून उद्यानाचा 33 टक्के भाग मासेमारीला बंद झाला. पुढच्या वर्षी, इनिसफेलच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावरच्या गिरिंगन जमातींनी उद्यानाच्या प्राधिकरणाशी एक करार केला. डुगाँग आणि कासवांच्या शिकारीवरच्या मर्यादा त्यांनी स्वतः ठरवल्या आणि त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्यात आपला वाटा मागून घेतला. रीफवरचा अशा तऱ्हेचा तो पहिलाच करार.